नाताळच्या पाहुण्याला काम सांगा

डिसेंबर लागला की घरापासून लांब राहणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, यंदा नाताळचा फीलच येत नाहीये. मग कुणीतरी सल्ला देतं, अगं छोटंसं झाड आण, लाइटिंग कर, कॅरल्स लाव, येईल फील. मी हे सगळं करून बघितलंय. पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत टेबलावर मावेल एवढं घडीचं झाड आणलं, एकेक फांदी उघडली, माळ लावली, समोर खुर्ची टाकून बसले आणि दहा मिनिटांत लक्षात आलं की आपण शोकेससमोर बसलोय, दुकानही आपलंच आणि गिऱ्हाईकही आपणच.

झाडाचा दोष नव्हता. दुसऱ्या गोलार्धात भर उन्हाळ्यात नाताळ येतो, तिथे बर्फ नाही की थंडी नाही, तरी लोकांचं काही अडत नाही. म्हणजे वातावरण हवं हे निम्मं खोटं आहे. मला वाटतं फील येतो तो कामातून. घरी असताना नाताळ नाताळ वाटतो कारण त्या दिवसात कुणाचं तरी काहीतरी आपल्यावाचून अडलेलं असतं, कुणी हाक मारत असतं, कुणी तू अजून ते केलं नाहीस म्हणून चिडत असतं, आणि आपण कटकट करत करत ते करत असतो. लांब गेलं की पहिली ती कटकट जाते. आणि मग ऑफिसं, हॉस्टेलं, चर्चेस, शेजारीपाजारी असे आपण सगळे मिळून अशा माणसासाठी जे काही करतो त्यात एक मोठी गफलत करतो, त्याला पाहुणा करून टाकतो.

त्याच वर्षी चोवीस तारखेच्या संध्याकाळी ओळखीच्या एका कुटुंबाने मला जेवायला बोलावलं. माणसं अतिशय चांगली, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मीच कृतघ्न. दारातच कोट काढून घेतला, सोफ्यावर बसवलं, हातात ग्लास दिला, जरा उठायला गेले की "बस गं बस, आज तू पाहुणी आहेस." आत स्वयंपाकघरात धांदल, कुणी ओव्हनकडे पळतंय, वरच्या खोलीतून कागदाची खसफस येतेय, एक मुलगा सेलोटेपचं टोक सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलेला, आणि मी सोफ्यावर पाठ ताठ करून त्यांच्या झाडाकडे बघून हसतेय. सेलोटेपचं टोक मला नखाने चटकन सापडतं, घरी ते खातं माझंच आहे, पण पहिल्यांदाच आलेल्या घरात उठून हे सांगणार कसं. जेवण उत्तम झालं. मला एक गिफ्टपण मिळालं, छान पॅक केलेलं. आणि रात्री खोलीवर परतले ती जाताना होते त्यापेक्षा जास्त एकटी होऊन.

कुलूप उघडतेय तोच फोन. घरून व्हिडिओ कॉल, मेरी ख्रिसमस वगैरे काही नाही, आई थेट मुद्द्यावर, "अगं, बाळ कुठे ठेवलंयस?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गोठ्याच्या देखाव्यात मरिया, योसेफ, मेंढरं, बैल सगळे आधीपासून मांडतात पण बाळ येशूची मूर्ती मध्यरात्री ठेवायची, तोपर्यंत गव्हाण रिकामी. बरीच घरं आणि चर्चेस हे पाळतात. आमच्याकडे बाकी सगळं खोक्यात जातं, पण बाळ एकदा खोक्यात बैलाखाली चेपलं आणि त्याचा हात दुखावला, तेव्हापासून ते वेगळं सांभाळून ठेवायचं काम माझ्याकडे. कुठे ठेवते ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं, मीच असायचे ना दरवर्षी. आता फोनच्या चौकटीत दिसत होतं की भाऊ स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे खाली ओढतोय, बाबा टॉर्च घेऊन नको तिथे उजेड पाडतायत, आई फोन हातात धरून सगळ्यांना बोलतेय आणि कॅमेरा छताकडे. मी ओरडले, अहो माळ्यावर नाही, शिवणाच्या मशीनचा उजवा ड्रॉवर, बटणांचा डबा, त्यात मोजा आहे बघा, त्यात. भावाचा एक पाय हरवलेला मोजा होता, उरलेल्या पायात मी बाळ गुंडाळलं होतं. सापडलं तेव्हा बाराला सहा मिनिटं कमी होती. फोन ठेवला तर मला घाम आला होता आणि मी हसत होते, आणि खोलीत नाताळ होता. झाड बंदच होतं, माळेचं बटण दाबायचं राहून गेलेलं.

मोज्यावरून आठवलं. १९०२ च्या नाताळला स्कॉट, विल्सन आणि शॅकलटन असे तिघं ब्रिटिश मोहीमवाले अंटार्क्टिकाच्या बर्फावर दक्षिणेकडे स्लेज ओढत होते, कुत्री एकामागून एक मरत होती, खाणं मोजूनमापून, स्कर्व्हीची, म्हणजे ताजं खाणं न मिळाल्याने होणाऱ्या आजाराची, लक्षणं दिसायला लागलेली. त्या दिवशी शॅकलटनने सामानातला जादा मोजा काढला, त्यातून निघालं छोटंसं प्लम पुडिंग आणि वर खोचायला हॉलीची, म्हणजे नाताळच्या सजावटीत वापरतात त्या काटेरी पानांच्या झुडपाची, एक खोटी डहाळी. २ नोव्हेंबरला तळ सोडल्यापासून त्याने ते गुपचूप वागवलेलं, जिथे सामानातल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशोब होता तिथे. लोक ही गोष्ट सांगताना पुडिंग मिळालेल्या दोघांच्या आनंदाबद्दल बोलतात, मला मात्र वाटतं त्या तंबूत सगळ्यात जास्त नाताळ शॅकलटनलाच मिळाला असणार, कारण सात आठवडे रोज स्लेज ओढताना त्याच्याकडे एक गुपित होतं आणि एक काम होतं. १९७३ मधे स्कायलॅब ह्या अमेरिकन अंतराळस्थानकावरच्या तिघा अंतराळवीरांनी खाण्याच्या रिकाम्या डब्यांचं झाड केलं, तेही त्यातलंच. वरून पृथ्वी दिसत होती, देखाव्याची काही कमी नव्हती, तरी डबे जोडत बसावंसं वाटलं.

आपला नाताळ हा शब्दच बघा ना, पोर्तुगीज आहे. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला नाताल हे नाव पडलं ते वास्को द गामाची जहाजं १४९७ च्या नाताळच्या सुमारास तिथून चालली होती म्हणून. १६४३ मधे विल्यम मायनर्स नावाचा कप्तान पंचवीस डिसेंबरला हिंदी महासागरातल्या एका बेटाजवळून गेला, त्याचं झालं ख्रिसमस आयलंड. तिथे राहणाऱ्यांना न विचारता किनाऱ्यांना अशी नावं देत सुटणं हे प्रकरण वेगळं आहे, त्याच्यावर वेगळं भांडता येईल. पण घरापासून हजारो मैल लांब सणाचा दिवस उजाडला की माणसाचा हात काहीतरी करायला शिवशिवतो एवढं त्यातून दिसतंच.

आता भेटवस्तूंबद्दल, कारण लांबच्या माणसाला आपण पहिली देतो ती वस्तू. १९१४ मधे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी इंग्लंडच्या राजाच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या, राजकन्या मेरीच्या नावाने निधी जमवला गेला आणि पितळी डब्या पाठवल्या गेल्या, त्या नाताळपर्यंत चार लाखांहून जास्त पोचल्या. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे डबी सगळ्यांना सारखी नव्हती. सिगारेट ओढणाऱ्यांना तंबाखू आणि सिगारेटी, पण फ्रान्सच्या आघाडीवर तेव्हा हिंदी पलटणीही होत्या, त्यातल्या शिखांना तंबाखू चालत नाही हे कुणाच्या तरी लक्षात होतं, त्यांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसाल्याची डबी. आणि न ओढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना कागद, पाकिटं आणि पेन्सिल. मला विचाराल तर ह्यात सगळ्यात शहाणी डबी पेन्सिलवाली. तंबाखू ओढून संपतो, खडीसाखर चघळून संपते, पण पेन्सिल हातात आली की माणूस घेणारा राहत नाही, त्याला बसून कुणाला तरी काहीतरी लिहायचं असतं.

ह्याच्या उलटं आपण आज काय करतो ते कुठल्याही मोठ्या ऑफिसच्या लॉबीत जाऊन बघा. रात्रीतून कंत्राटदाराची माणसं येऊन दोन मजली झाड उभं करून जातात, सगळे बॉल एकाच रंगाचे, सगळे एकाच अंतरावर, खाली गिफ्ट रॅप केलेली खोकी जी पायाने सरकवली तर कळतं की रिकामी आहेत, आणि भोवती दोरी, हात लावू नका. मग सगळ्यांना एक ईमेल, आपण सगळे एक कुटुंब आहोत. अहो कुटुंबात झाडाला हात लावू देतात. मी तर म्हणेन झाड उघडंबोडकं आणा, शेजारी दागिन्यांचं खोकं उघडं ठेवा, वर एक चिठ्ठी, येताजाता एकेक लावा. झाड वाकडं दिसेल, खालच्या फांद्या भरतील आणि वरच्या रिकाम्या राहतील, कुणीतरी एकाच फांदीवर सात घंटा लावून ठेवेल. दिसू दे की.

हॉस्टेलांचं तर आणखीनच विचित्र. अनेक विद्यापीठांत नाताळच्या सुट्टीत मेस बंद, कॉमन रूमला कुलूप, लायब्ररी बंद, हीटिंग कमी, कारण गृहीतच धरलेलं असतं की सगळे घरी गेले. जे जाऊ शकत नाहीत, म्हणजे ज्यांना तिकीट परवडत नाही, ज्यांचा व्हिसा अडकलाय, ज्यांना घर म्हणावं असं काही उरलेलंच नाही, ते रिकाम्या कॉरिडॉरमधे इलेक्ट्रिक किटलीवर नूडल्स करतात. त्यांच्यासाठी एखादी संस्था फार तर एक जेवण ठेवते, तासाभरात ताटं वाढली, ग्रुप फोटो, झालं. मी त्या जेवणाच्या विरोधात नाही, पण त्यापेक्षा स्वस्तातला आणि बरा उपाय आहे, एका किचनची चावी. राहणाऱ्यांपैकी दोघातिघांच्या नावावर चावी द्या, सामानाला थोडे पैसे द्या आणि बाजूला व्हा. कोण काय करणार, कुणाला काय चालत नाही, भांडी कोण घासणार ह्यावर त्यांना भांडू द्या. ते भांडण झालं म्हणजे समजा नाताळ सुरू झाला. संस्थांना चावीची भीती वाटते हे मला कळतं, उद्या काही जळलं तर जबाबदार कोण वगैरे. पण वर्षभर ज्यांच्या हातात लाखोंची लॅब देता त्यांच्या हातात चार दिवस एक शेगडी द्यायला काय हरकत आहे.

दुसरा प्रश्न ड्युटीचा. हॉस्पिटलं, सिक्युरिटी, हॉटेलं, विमानतळ हे पंचवीसला बंद राहत नाहीत, कुणीतरी लागतंच. मग रोस्टर लावताना ठरलेलं वाक्य येतं, तुझं इथे कोण आहे, तू घे ना पंचवीसची, बाकीच्यांना घरी मुलंबाळं आहेत. वरवर बघता त्यात तर्क आहे. आणि खरं सांगायचं तर काही जण ती ड्युटी खुशीने घेतात, खोलीत एकटं बसण्यापेक्षा वॉर्डात बरं, तिथे निदान कुणाला तरी आपली गरज असते, म्हणजे माझाच मुद्दा झाला. ज्यांचा हा सण नाही तेही पुष्कळदा आपणहून घेतात आणि बदल्यात आपल्या सणाची सुट्टी मागतात, हा चोख व्यवहार आहे. माझी तक्रार एवढीच की लांबून आलेल्याला विचारत नाहीत, धरून चालतात. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची बातमी सगळ्यात आधी पोचते ती रात्रपाळीवाल्यांकडे, मेंढपाळ रात्री कळप राखत होते. ते ऐकून लगेच बेथलेहेमला निघाले असं लिहिलंय, पण त्या रात्री मेंढरांवर बदली कोण होता ते लूकने लिहिलेलं नाही. कुणीतरी लांबून आलेलाच असणार, ज्याचं तिथे कोणी नव्हतं.

तारखेचा हट्ट सोडला तर ह्यातला निम्मा गुंता सुटतो. ज्युलियन हे जुनं कॅलेंडर पाळणारी ऑर्थोडॉक्स चर्चेस नाताळ करतात तो आपल्या ७ जानेवारीला, दोन कॅलेंडरांत आता तेरा दिवसांचं अंतर पडलंय. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला करतं. युक्रेनने २०२३ मधे कायदा करून सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. आणि पाश्चात्त्य चर्चमधेही नाताळचे बारा दिवस मोजायची जुनी पद्धत आहेच. एक अख्खा देश सण तेरा दिवस इकडून तिकडे हलवू शकतो तर एखाद्या कंपनीला काय अवघड आहे असं सांगायला, की पंचवीसला तू ड्युटी केलीस ना, मग ६ जानेवारीच्या आत सलग दोन दिवस तुझे, कुठले ते तू सांग. सलग महत्त्वाचं, सुटा एक दिवस झोपण्यात जातो. घरच्यांनीही जरा ऐकावं. मुलगी एकोणतीसला घरी पोचणार असेल तर बाळ एकोणतीसला ठेवलं म्हणून आकाश कोसळत नाही.

खलाशांना मात्र हेही मिळत नाही. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात महिन्याला अडीच दिवस रजा आणि सलग बारा महिन्यांच्या आत घरी सोडणं वगैरे तरतुदी आहेत, चांगल्या आहेत, पण त्यात महिने मोजलेत, सण नाही, आणि समुद्राच्या मधोमध सण मोजून उपयोगही नाही. मिशन टू सीफेअरर्ससारख्या संस्थांचे लोक, ही संस्था १८५६ पासूनची आहे, बंदरात आलेल्या जहाजांवर लोकरी टोप्या नेऊन देतात, लोकांनी घरी बसून विणलेल्या. फार छान गोष्ट आहे. आणि मनात येतंच की टोपी घालणाऱ्यापेक्षा ती विणणाऱ्या आजींना जास्त नाताळ मिळत असेल.

आता कुणी म्हणेल, व्हिडिओ कॉल आहेत की हल्ली. आहेत. पण शुभेच्छा पोचवायची साधनं आणि नाताळ ह्यांचं नातं जुनं आणि थोडं गमतीचं आहे. १८४३ मधे हेन्री कोल ह्या इंग्रज गृहस्थाने ख्रिसमस कार्ड छापून घेतलं ते ढीगभर पत्रांना एकेक करून उत्तर द्यायला सवड नव्हती म्हणून. ३ डिसेंबर १९९२ ला पहिला एसएमएस गेला, मजकूर मेरी ख्रिसमस, तो कॉम्प्युटरवरून पाठवलेला कारण फोनवर टाइप करायची सोयच तेव्हा नव्हती, म्हणजे ज्याला मिळाला त्याला त्याच फोनवरून सेम टू यू म्हणता येत नव्हतं. बहुतेक व्हिडिओ कॉल आजही तसेच असतात, सगळे ओळीने येऊन हात हलवून जातात, मग शांतता, मग बाकी काय म्हणतेस. घरच्यांना माझी विनंती आहे, लांबच्या माणसाला कॉलवर सगळं सजवलेलं दाखवू नका, सजवताना दाखवा, आणि विचारा की तारा कुठे टांगू, डावीकडे की उजवीकडे. तो जे सांगेल त्याप्रमाणे खरंच टांगा.

उलट बाजूही आहे. दमूनभागून आलेल्याला कधीकधी खरोखर नुसतं बसायचं असतं, कुणाच्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं असतं आणि त्याला नाताळ नकोच असतो, त्याच्या हातात टिकल्यांचा डबा देणं हा अत्याचार आहे. आणि काम सांगणं म्हणजे राबवून घेणं पण नव्हे. सगळे बाहेर खेळ खेळतायत आणि पाहुणी एकटी सिंकपाशी भांडी घासतेय, हे काम नाही, ही मोलकरीण झाली. काम असं हवं की ते कुणाच्या तरी सोबत करायचं असेल आणि नाही झालं तर खरंच खोळंबा होईल. लहान मुलांना कळतं हे, त्यांना खोटं खोटं काम दिलं की ते लगेच टाकून देतात.

दोन वर्षांनी मी दुसऱ्या शहरात होते. खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, सत्तरीच्या, जिन्यात दिसल्या की हसायचे एवढीच ओळख. तेवीस तारखेला त्यांनी दार वाजवलं, हातात माळेचं हे भलं मोठं गुंतवळ, पक्ष्याचं घरटं जसं, म्हणाल्या तुझी नजर चांगली असेल, माझ्याच्याने होत नाही, आणि मी हो म्हणायच्या आतच ते माझ्या हातात. त्यांच्याकडे जमिनीवर बसून सोडवायला तासभर लागला. सोडवून लावली तर पेटेना. जुन्या पद्धतीची माळ, एक बल्ब सैल झाला की सगळी बंद, मग एका टोकापासून एकेक बल्ब दाबत जायचं, बाई दुसऱ्या टोकाकडून. मधे त्या म्हणाल्या की हा सैल बल्ब दरवर्षी त्यांचे मिस्टर शोधायचे. मी काही बोलले नाही, त्यांनाही काही ऐकायचं नव्हतं, दोघी दाबत राहिलो. एकेचाळिसावा होता, माझ्या बाजूने. पेटली तशी बाई ओरडल्या, आणि लगेच, "तशीच धर, हलू नकोस, मी खिळा बघते." वीस मिनिटं धरून उभी होते, खिळा सापडेना.

घरी मागच्या खेपेला गेले होते तेव्हा गोठा आवरायला मीच होते. आई म्हणाली आता तरी सांगून जा बाई, दरवेळी फोनवर धावपळ नको. बरं म्हटलं. आणि निघायच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मोजा बटणांच्या डब्यातून काढला आणि दुसरीकडे ठेवून आले.